पाला उलटा लागलाय

फेब्रुवारीतला शनिवार होता. सकाळी सव्वासातला पार्लरचं शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात दारात जीप थांबली. तासगावकडच्या एका गावातली नवरी. तिचा रविवारचा मेकअप माझ्याकडे ठरलेला होता, पण आज ती येणार असं काही बोलणं नव्हतं. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, मागे आई, आईच्या मागे आजी. आजींनी पायरीवर चपला काढल्या, पण आत आल्या नाहीत, चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. संध्याकाळी पाचला हळद, दुसऱ्या दिवशी दुपारी अक्षता.

तिनं ओढणी सोडली. मानेवर, दोन्ही कानांच्या मागे, केसांचे दोन गोळे झाले होते. डावा माझ्या मुठीपेक्षा मोठा. गुंता म्हणतो तसा तो नव्हता, बोट आत शिरत नव्हतं. दाबला तर जाड कापडासारखा लागायचा. त्यातून मधेच चिकट पट्ट्यांची टोकं बाहेर आलेली. तेव्हा मला कळलं की हिनं एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचे केस, लावलेत.

मिरजेत माझं पार्लर १९ वर्षं आहे. इतके बसलेले केस मी तोवर जिवंत डोक्यावर पाहिले नव्हते.

तिला सप्टेंबरात डेंग्यू झाला होता. अशा तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस जातात. तापाच्या धक्क्यानं बरीच मुळं एकदम विश्रांतीला जातात आणि मग ते केस एकाच वेळी गळू लागतात. बहुतेकांचे परत येतात, पण सहा-आठ महिने धीर धरावा लागतो, आणि हिचं लग्न फेब्रुवारीत. डिसेंबरात तिची वेणी करंगळीएवढी उरली होती. पुण्यात नोकरी करते, तिथल्याच एका सलूनमध्ये तिनं तीन आठवड्यांपूर्वी टेपचे एक्स्टेन्शन लावून घेतले. स्वतःच्या केसांची पातळ बट मध्ये धरायची आणि वरून-खालून एकेक चिकट पट्टी दाबायची. अशा २० जोड्या, ४० पट्ट्या. आईला सांगितलं होतं. आजींना नाही. लग्नाआधी "खोटे केस" हा शब्द घरात फिरायला नको, एवढंच तिच्या मनात होतं.

गुरुवारी रात्री आजींनी नातीला पुढ्यात घेतलं आणि कोमट खोबरेल तेल मुळाशी जिरवलं. लग्नाच्या आधी पोरीला तेल घालून न्हाऊ घालायचं, हे आजींनी तीन लेकींचं केलेलं, हिचं का नाही करायचं? पोरगी पाटावर बसून "नको" म्हणू शकली नाही. म्हणाली असती तर कारण सांगावं लागलं असतं. तेल केसाला काही करत नाही, पण टेपचा गोंद तेलानं सैल पडतो. रात्रीतून सात जोड्या घसरून खाली आल्या आणि पिळा घेऊन लोंबू लागल्या. शुक्रवारी सकाळी बोअरच्या कढत पाण्यानं न्हाणं झालं. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही असलं. डोकं पुढे वाकवलेलं, सगळे केस टाळूवर गोळा केलेले, वरून शिकेकाईची भरड पूड आणि दोन्ही तळहातांनी चांगलं रगडणं. मग ओल्या केसांवर पंचा बांधून पोरगी दोन तास झोपली, आदल्या रात्री झोप नव्हती म्हणून. उठली तेव्हा गोळे तयार.

हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्याआधी आई हळूच म्हणाली, "ताई, कापू नका हां. चुलत जाऊबाई म्हणत्यात, जट आलीया. सौंदत्तीच्या यल्लम्माला विचारल्याबिगर हात लावायचा न्हाई."

माझ्या पोटात खड्डा पडला. बाहेरच्या वाचकाला हा शब्द किती जड आहे ते कदाचित समजणार नाही. आमच्या या पट्ट्यात, सांगली-कोल्हापूरपासून खाली बेळगावपर्यंत, केसांचा गुंता बसला की "देवीनं बोलावलं" म्हणणारी माणसं अजून आहेत. जट आली म्हणून पोरी देवीला सोडल्या गेल्या. मानेला न पेलणारं ओझं घेऊन बायकांनी आयुष्यं काढली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन, समजूत काढून जटा सोडवतात, त्याचं कारण हेच. आणि इथं उद्या बोहल्यावर चढायची पोरगी माझ्या खुर्चीत बसून आरशात स्वतःकडे बघत नव्हती.

दारात उभ्या असलेल्या आजी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "माझ्या हातनं झालं. तेल म्या लावलं."

मी त्यांना आत आणून शेजारच्या खुर्चीवर बसवलं. एक घसरलेली पट्टी मोकळी काढली, तिच्या टोकाशी गुंता नव्हता तिथला एकच केस आजींच्या चिमटीत दिला आणि म्हटलं, मुळाकडून शेंड्याकडे बोटं ओढा. आता उलटं, शेंड्याकडून मुळाकडे. त्यांनी दोन-तीनदा करून पाहिलं. पंचाहत्तरीची बोटं, कामानं जाड झालेली, तरी त्यांना फरक लागला.

"उसाच्या पाल्यागत हाय की हे," त्या म्हणाल्या. "हिकडनं गुळगुळीत. तिकडनं कापतंय."

मी इतकी वर्षं हे शिकाऊ मुलींना घराच्या कौलांची चित्रं काढून शिकवत आले. केसावर खवले असतात, एकावर एक, मुळाकडून शेंड्याकडे उतरते. पाणी गरम असलं, केस ओला असला की खवले उघडतात, आणि तशात उलटसुलट चोळलं की एका केसाचे खवले दुसऱ्यात अडकतात. बुरणूस, म्हणजे न विणलेली लोकरीची जाड चादर, असाच करतात: लोकर, गरम पाणी आणि घासणं. आजींना बुरणूस माहीत होता. स्वतःच्या डोक्यावरच्या केसाला टाळूचं तेल मिळत राहतं, म्हणून तो निसरडा राहतो. एक्स्टेन्शनचा केस कधीचाच कापलेला, त्याला ते तेल पोहोचत नाही, तो कोरडा आणि म्हणून जास्त धरून बसणारा.

"मग कुणाचे म्हणायचे हे?" आजींनी विचारलं. चांगल्या प्रतीचे केस बहुतेक देवस्थानातले असतात. तिरुमलाला लोक केस उतरवतात, देवस्थान त्यांचा लिलाव करतं. एका माणसाचे केस एकदम निघतात, त्यामुळे सगळी मुळं एका बाजूला ठेवता येतात. स्वस्त माल येतो तो फणीतल्या केसांचा. गल्लीत "केसांवर फुगे, केसांवर भांडी" ओरडत जे गोळा करतात, ते. कर्नाटकात कोप्पळजवळ भाग्यनगरला त्या केसांचा मोठा धंदा चालतो. त्यात मुळं-शेंडे मिसळलेले, म्हणून बऱ्याचदा आम्लात बुडवून खवलेच काढून टाकतात आणि वर सिलिकॉनचा थर देतात. चार-सहा धुण्यांत थर गेला की ते केस कितीही जपा, गुंततात. हिचे केस चांगले होते. बोटाला एकाच बाजूनं खरखर लागत होती. म्हणजे सुटण्याची आशा होती.

तेवढ्यात आईचा फोन वाजला, चुलत जाऊबाईंचाच. आजींनी तो हातातून घेतला. "जट बिट काय न्हाई ती. पाला उलटा लागलाय. सरळ कराय बसल्यात बाई." आणि फोन ठेवून दिला.

मी त्या दिवशीच्या सगळ्या वेळा रद्द केल्या.

कामाची पहिली गोष्ट म्हणजे पाणी अजिबात लावायचं नाही. बसलेला केस भिजवला की आणखी आवळतो, आणि ओला केस ताणला की तुटतो. कोरड्या गोळ्यावर कंडिशनर आणि सिरम, नुसतं वर फासून नाही, बोटांनी आत मुरवत. मग खालच्या कडेपासून सुरुवात. शेपटीच्या फणीच्या टोकानं पाच-दहा केस ओढून काढायचे, मोकळे झाले की क्लिपमध्ये अडकवायचे, पुढचे पाच-दहा. डाव्या हाताच्या मुठीत वरची बट धरून ठेवायची, म्हणजे ओढ टाळूपर्यंत जात नाही. तापातून उठलेली मुळं, त्यांच्यावर जोर पडला असता तर गोळ्याबरोबर तिचे उरलेसुरले केसही गेले असते. शिकेकाईचे कण वाळूसारखे फणीला लागत होते.

पहिल्या तासात दोन बोटं रुंद केस सुटले. माझी मदतनीस मुलगी उजव्या बाजूला, मी डाव्या. दहाच्या सुमाराला नवरीला रडू फुटलं, मग ते थांबलं, मग ती बसल्या बसल्या झोपली. आजी जागच्या हलल्या नाहीत. मधे एकदा त्यांनी विचारलं, "म्या धरू का बट?" मी त्यांच्या हातात वरची बट दिली. त्यांची पकड माझ्या मदतनीसापेक्षा स्थिर होती, आणि एकदाही पोरीचा "आई गं" आला नाही.

दीडला दुसरा गोळा सुटला. कात्री लावावी लागली ती फक्त एका जागी, दोन घसरलेल्या पट्ट्यांच्या मध्ये, आणि गेले ते एक्स्टेन्शनचे केस.

मग टेप काढायचं द्रावण. जोडीच्या कडेला फवारायचं, चार-पाच मिनिटं थांबायचं, पट्ट्या आपोआप एकमेकींपासून सरकतात. ओढायच्या नाहीत. पहिली जोडी उघडली तर आत तिच्या स्वतःच्या केसांचा झुबका. ती घाबरली. मी तो तिच्या तळहातावर ठेवला आणि दाखवलं: हे आज तुटलेले नाहीत. कुणाचेही दिवसाला ५० ते १०० केस गळतात, तापानंतर त्याहून जास्त. टेपमध्ये धरलेले केस गळले तरी खाली पडू शकत नाहीत, तीन आठवडे तिथंच अडकून राहिले. त्यांच्या टोकाला पांढरा ठिपका होता, मुळातून सुटल्याची खूण. ती ठिपके मोजत बसली.

आई म्हणाली, आता परत लावून द्या. मी नाही म्हटलं. आज हळद, उद्या सकाळी परत न्हाणं, तेल पुन्हा लागणार, आणि त्या मुळांवर पुन्हा ओढ द्यायची माझी तयारी नव्हती. पैसे देऊन आलेल्या गिऱ्हाइकाला, लग्नाच्या आदल्या दिवशी, नाही म्हणणं सोपं नसतं. पण आता विचार केला तरी मी तेच म्हणेन.

त्यावर आजी म्हणाल्या, "मग गंगावन करा की."

मला ते सुचलं नव्हतं. गंगावन म्हणजे वेणीत गुंफायचा केसांचा जोड. तो शब्दच मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आजींच्या तरुणपणी फणीतले केस भिंतीच्या कोनाड्यात पिशवीत साठवायच्या, पिशवी भरली की गंगावन करणारणीला द्यायच्या. त्यांच्या लग्नात त्यांच्या आईच्या केसांचं गंगावन त्यांच्या वेणीत होतं.

नवरी हळदीला गेली, पट्ट्या माझ्याकडे राहिल्या. त्या मी कशा धुतल्या ते सांगते, कारण घरी धुतानाही हेच करायचं. आधी कोरडे असतानाच शेंड्यापासून वर विंचरून घेतले. फिल्टरचं कोमट पाणी. सल्फेट नसलेला शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून, बट एका हातात वर धरून, दुसरा हात वरून खाली. चोळायचं नाही, पिळायचं नाही, हात परत वर न्यायचा तो केसांना न लावता. बोअरच्या पाण्याचे क्षार बसले होते म्हणून क्षार काढणारा शाम्पूही एकदा वापरला, एरवी लागत नाही. कंडिशनर फक्त खालच्या लांबीला. टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपलं आणि पट्ट्या सावलीत, दोरीला क्लिपनं लटकवून, रात्रभर. आमच्या मागच्या खोलीत दोरीवर त्या ४० बटा हलत होत्या.

रविवारी सहाला मी त्यांच्या गावी पोचले. मी मेकअपला बसले आणि आजी खिडकीपाशी सुई-दोरा घेऊन. सुती फितीवर पट्टीशेजारी पट्टी, बारीक धावदोरा. उरलेल्या गोंदात सुई चिकटत होती, म्हणून दर चार टाक्यांनी त्या ती स्वतःच्या तेल लावलेल्या केसांतून फिरवून घेत होत्या. सगळं मिळून १०० ग्रॅमच्या आसपास वजन. नवरीचे केस मागे बांधले, फीत त्या बांधलेल्या जागेभोवती गुंडाळून पिना लावल्या, म्हणजे भार एकट्या बटेवर येत नाही. वेणी कंबरेपर्यंत आली. वर आबोलीचा गजरा. चुलत जाऊबाई माजघरात येऊन बघून गेल्या, बोलल्या काहीच नाहीत.

तेव्हापासून माझ्याकडे कुणी एक्स्टेन्शनचं विचारायला आलं की केसांची लांबी-रंग बघण्याआधी मी विचारते, घरी तुझ्या डोक्याला हात कोण लावतं? आई, आजी, सासू, मोठी बहीण, जी कोणी असेल तिला लावायच्या दिवशी घेऊन ये म्हणते. टेप मुळाशी कुठे आहे ते तिच्या बोटाला दाखवते. पहिले ४८ तास पाणी नाही, तेल टेपच्या खाली चार बोटं सोडून, न्हाताना डोकं पुढे न वाकवता उभ्यानं, झोपताना केस पूर्ण वाळलेले आणि सैल वेणी. दोन-तीन मुली त्यामुळे परत आल्या नाहीत. घरी सांगायचं नव्हतं त्यांना. मला वाईट वाटलं, पण न सांगता लावून द्यायचं माझं धाडस होत नाही.

चैत्रात आजी एकट्याच एसटीनं मिरजेला आल्या. जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेलं गंगावन त्यांनी काउंटरवर ठेवलं. नातीनं धाडलं होतं, तिच्या कपाळावर आता नवे बारीक केस यायला लागलेत म्हणे, तिला हे रोज लागत नाही. आजींनी ते घरी धुतलं होतं.

"बघा बरं," त्या म्हणाल्या.

मी एक बट चिमटीत धरली, वरून खाली बोटं नेली. मग खालून वर. कुठंही अडकलं नाही. वास मात्र ओळखीचा आला.

"आजी, शिकेकाई?"

"उकळून, फडक्यानं दोनदा गाळून," त्या म्हणाल्या. "आणि हात एकाच बाजूनं."