एकाच वेताची दोन पिल्लं आणि दोन पॉलिसी

प्राण्यांच्या रुग्णालयात विम्याच्या कागदांचं टेबल माझ्याकडे असतं. उपचार डॉक्टर करतात. केसपेपर, बिलं, क्लेमचे फॉर्म आणि विमा कंपन्यांचा पत्रव्यवहार मी बघते. त्या दिवशी टेबलावर दोन फायली एकाखाली एक आल्या. दोन्हींत लॅब्राडॉर, दोघांची जन्मतारीख एक, आई एक, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरही एकच. एक काळा कुत्रा, दुसरी त्याची पिवळी बहीण. दोघांना कोपराचा डिस्प्लेझिया. कंपन्या मात्र दोन वेगवेगळ्या, आणि दोघींचा पहिला निर्णय एकाच दिवशी आला होता: क्लेम नामंजूर.

काळ्याचा विमा तो आठ आठवड्यांचा असताना, घरी आला त्याच आठवड्यात काढलेला. पिवळीच्या घरच्यांनी बऱ्याच कंपन्यांचे दर ताडून पाहिले आणि बाराव्या आठवड्यात पॉलिसी घेतली. ज्यानं लवकर विमा काढला त्याची बाजू भक्कम, असं कुणालाही वाटेल. शेवटी पैसे मिळाले ते पिवळीला.

आधी आजाराबद्दल, कारण सगळा वाद त्याच्या वेळापत्रकावर आहे. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लांत कोपराच्या सांध्यातली हाडं कधी कधी एकमेकांशी नीट जुळत वाढत नाहीत. आतल्या बाजूच्या लहानशा टोकावर, ज्याला डॉक्टर कोरोनॉइड म्हणतात, जास्त भार येतो. तिथे भेग पडते किंवा तुकडाच सुटतो. लंगडणं बहुधा चार ते दहा महिन्यांच्या दरम्यान दिसू लागतं. झोपून उठल्यावर पहिली काही पावलं अवघडलेली, खेळून आल्यावर जास्त, मग दोन-चार दिवस काहीच नाही. सुरुवातीच्या एक्स-रेत तुकडा दिसेलच असं नाही, म्हणून सीटी स्कॅन करावा लागतो. दुर्बिणीतून तुकडा काढता येतो, पण सांध्याची झीज थांबतेच असं नाही. वजन ताब्यात ठेवणं आणि वेदनाशामकं पुढे बरीच वर्षं चालू राहू शकतात. आणि बऱ्याचदा दोन्ही कोपरं सापडतात.

काळा साडेपाच महिन्यांचा असताना लंगडू लागला, म्हणजे पॉलिसीला तेव्हा साडेतीन महिने झाले होते. आजारासाठी १४ दिवसांचा वेटिंग पीरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेम चालत नाही तो सुरुवातीचा काळ, केव्हाच संपला होता, आणि मालकांनी वाचला होता तो तेवढाच. त्याच पॉलिसीत तीन पानं पुढे हाडं, सांधे आणि लिगामेंट (हाडांना हाडांशी बांधणारे पट्टे) यांसाठी सहा महिन्यांचा वेगळा वेटिंग पीरियड होता. वेटिंगमध्ये सुरू झालेला त्रास आधीपासूनचा आजार धरला जातो. म्हणजे सहा महिने संपल्यावर उरलेल्या उपचारांचे पैसे मिळतील असंही नाही. ते कोपर त्या पॉलिसीतून कायमचं बाहेर.

याहून जास्त वाईट वाटलं ते त्या कलमाखालच्या दोन ओळींचं. पहिल्या ३० दिवसांत पशुवैद्यानं सांध्यांची तपासणी करून कंपनीचा ठरलेला फॉर्म भरून दिला असता, तर सहा महिन्यांचे १४ दिवस झाले असते. अशी सोय काही पॉलिसींत असते, पण ती मागावी लागते. काळा त्या ३० दिवसांत लसीसाठी आलेला होता. अपिलात आम्ही तो केसपेपर जोडला. त्यावर वजन, ताप, लसीचं नाव आणि ‘तब्येत उत्तम’. कंपनीनं विचारलं, खुबा, गुडघा, कोपर, खांदा यांची स्वतंत्र नोंद कुठे आहे? ती नव्हती. अपील फेटाळलं गेलं. करारात जे लिहिलंय ते पाहता कंपनीनं नियमाबाहेर काही केलं असं मला म्हणता येत नाही, पण एवढी महत्त्वाची सोय पहिल्याच ईमेलमध्ये ठळक का सांगत नाहीत, याचं उत्तर मला कुठल्याच कंपनीकडून मिळालेलं नाही.

पिवळीच्या पॉलिसीचा हप्ता चांगलाच जास्त होता. तिच्यात सांध्यांसाठी वेगळा वेटिंग पीरियड नव्हता आणि आनुवंशिक व जन्मजात आजार नाव घेऊन समाविष्ट केले होते. ती सहा महिन्यांची झाल्यावर लंगडायला लागली. सगळं सरळ होतं, पण कंपनीनं जन्मापासूनचे केसपेपर मागवले. मोठ्या रकमेच्या पहिल्या क्लेमला ते मागवतातच. त्यात अकराव्या आठवड्याच्या लसीच्या दिवशी एक ओळ होती: ‘पुढचा डावा पाय उचलून धरते.’ पॉलिसीच्या आठवडाभर आधीची. नामंजुरीचं पत्र त्या एका ओळीवर उभं होतं.

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो तो सांगायला हवा. आधीपासूनचा आजार ठरवताना निदान कधी झालं हे बघत नाहीत; पहिलं लक्षण कधी दिसलं हे बघतात. डॉक्टरांनी आजाराचं नावही घेतलं नसेल, तरी लक्षण कागदावर असलं की पुरे. शिवाय तिच्या पॉलिसीत दोन्ही बाजूंचं कलमही होतं: शरीरात जोडीनं असलेल्या अवयवांपैकी एकाला आधी त्रास असेल, तर दुसऱ्यालाही तोच त्रास आधीपासून होता असं धरायचं. कोपर, खुबा, गुडघ्याची वाटी, गुडघ्याचं क्रूशिएट लिगामेंट, डोळे, सगळं त्यात येतं. हे कलम उगाच नाही. एका गुडघ्याचं लिगामेंट तुटलेल्या कुत्र्यांत दुसरं तुटण्याचं प्रमाण खरंच मोठं आहे. पण त्यामुळे डाव्या पायावरच्या त्या ओळीनं पिवळीचं उजवं कोपरही बाद केलं होतं.

फाइल परत पहिल्यापासून चाळताना त्या दिवसाचं बिल हाती लागलं. केसपेपरवर एक ओळ, बिलावर मात्र तीन नोंदी: लस, पंजाच्या गादीतला काटा काढणं, ड्रेसिंग. पाय उचलण्याचं कारण कोपरात नव्हतं, पंजात होतं. कंपनीकडे क्लेमच्या उपचारांचंच बिल गेलं होतं. जुनी बिलं कुणी मागितली नव्हती आणि आम्हीही पाठवली नव्हती. डॉक्टरांकडून त्या भेटीचा खुलासा लेखी घेतला. त्यात चार गोष्टी होत्या: कोणता पंजा, काय निघालं, त्या दिवशी कोपर वाकवून-ताणून पाहिल्यावर दुखलं का, आणि पुढच्या लसीच्या वेळी चाल कशी होती. शेवटचे दोन मुद्दे डॉक्टरांनी आपल्या मूळ टिपणांतून घेतले, आठवणीतून नाही. कंपन्या मागाहून लिहिलेल्या पत्रापेक्षा त्याच दिवशीच्या नोंदीला वजन देतात, म्हणून टिपणांची प्रत आणि बिल दोन्ही सोबत जोडलं. फेरविचारात क्लेम मंजूर झाला.

पिवळीच्या मालकांनी फोनवर विचारलं, “अहो, मग डॉक्टरांना सांगायचं का, की असलं काही लिहूच नका म्हणून?” मुळीच नाही. नोंद लपवणं किंवा बदलणं ही फसवणूक, आणि ती उघडकीला आली तर अख्खी पॉलिसी रद्द होते. उलट, पूर्ण लिहा म्हणायचं. लक्षण लिहिलं असेल तर कारण लिहा, आणि पुढच्या भेटीत बरं झालेलं असेल तर तेही लिहा. पिल्लांच्या हृदयात ऐकू येणाऱ्या हलक्या मर्मरचं, म्हणजे ठोक्यांबरोबरच्या जादा आवाजाचं, असंच होतं. पहिल्या-दुसऱ्या ग्रेडची निरुपद्रवी मर्मर बहुतेकदा चार-पाच महिन्यांपर्यंत जाते. पण ‘मर्मर आहे’ एवढंच कागदावर राहिलं आणि ‘आता नाही’ कुणी लिहिलंच नाही, तर पुढे हृदयाच्या प्रत्येक क्लेमला ती आडवी येते. बेंबीचा हर्निया, खाली न उतरलेलं वृषण, सैल गुडघ्याची वाटी या पहिल्याच तपासणीत सापडणाऱ्या गोष्टी. त्या विम्याच्या आधी सापडल्या तर वगळल्या जाणारच. निदान काय वगळलं गेलंय ते आधीच कळावं.

ते कळण्याचा एक मार्ग आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. पॉलिसी सुरू होताच सगळे केसपेपर, पिल्लू जिथून आणलं तिथल्या लसीच्या नोंदींसकट, कंपनीला पाठवायचे आणि विचारायचं: या कागदांवरून तुम्ही कोणते आजार वगळणार, लेखी कळवा. पूर्ण हप्ता परत मिळण्याची सुरुवातीची मुदत बहुतेक पॉलिसींत असते. उत्तर त्या मुदतीत यायला हवं. उत्तर वाईट आलं तर पॉलिसी परत करता येते. काही कंपन्या असा आढावा घेतात, काही ‘क्लेम आल्यावर बघू’ म्हणतात. दुसऱ्या उत्तराच्या कंपनीचा हप्ता कितीही कमी असला तरी मी तिच्यापासून लांब राहायला सांगेन.

मंजूर झालेल्या क्लेमचा हिशेबही पिवळीच्या घरच्यांना चकित करून गेला. जाहिरातीत ८०% लिहिलेलं, हातात आले त्याहून बरेच कमी. समजा बिल १,००० चं आहे आणि डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण सोसायची रक्कम, २०० आहे. डिडक्टिबल आधी वजा केलं तर ८०० चे ८०%, म्हणजे ६४० मिळतात. आधी ८०% काढून मग वजा केलं तर ६००. कोणता क्रम, हे पॉलिसीत लिहिलेलं असतं. डिडक्टिबल वर्षाला एकदा की प्रत्येक आजाराला, हेही बघायचं. वर्षभर पोटाच्या, कानाच्या, त्वचेच्या बारीकसारीक तक्रारी करणाऱ्या पिल्लाला आजारागणिक डिडक्टिबल फार महाग पडतं. तपासणी फी बिलातून वगळली होती. फिजिओथेरपीला वेगळी छोटी मर्यादा होती. एक गोष्ट मात्र पथ्यावर पडली: दोन्ही बाजूंच्या ज्या कलमानं आधी अडवलं होतं, त्याच कलमामुळे दोन्ही कोपरं मिळून एकच आजार ठरला आणि डिडक्टिबल एकदाच कापलं गेलं. त्याची दुसरी बाजू अशी, की आजारागणिक कमाल रक्कम ठरलेली असती तर तीही दोन कोपरांत वाटली गेली असती.

पॉलिसीचा प्रकार म्हणून तर महत्त्वाचा. काही पॉलिसी एका आजाराला पहिल्या लक्षणापासून १२ महिनेच पैसे देतात आणि मग तो आजार बंद. काही एकरकमी मर्यादा देतात. ती संपली की संपली. दर वर्षी नूतनीकरणाबरोबर मर्यादा पुन्हा भरणारी पॉलिसी सर्वांत महाग, पण कोपर, खुबा, ॲलर्जी, मधुमेह यांसारख्या चिवट आजारांना खरी उपयोगी तीच. मोठ्या जातीच्या पिल्लासाठी माझं मत स्पष्ट आहे: लस, जंतनाशक, नसबंदी यांचं वेलनेस पॅकेज सोडा (त्यातले खर्च आधीच माहीत असतात, बेरीज केली तर बहुधा वाढीव हप्त्याच्या आसपासच येते), डिडक्टिबल थोडं वाढवा, आणि वाचलेले पैसे या प्रकारावर घाला. नुसत्या अपघाताची पॉलिसी मोजे, दगड गिळणाऱ्या पिल्लाला कामाची, पण कोपराला तिचा उपयोग शून्य. चपट्या नाकाच्या जातींसाठी श्वासमार्गाची शस्त्रक्रिया वगळलेली तर नाही, हे सगळ्यात आधी बघा.

लसींचं एक कलम जवळजवळ सगळीकडे असतं. पार्व्हो किंवा डिस्टेंपर हे लसीनं टळणारे विषाणूचे आजार झाले आणि लस वेळेवर नसेल, तर क्लेम गेला. पिल्लाच्या लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होऊन, दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं, किमान १६ आठवड्यांचं होईपर्यंत चालतात. शेवटचा डोस राहून जाणं हीच नेहमीची चूक. लसीच्या कार्डावर लसीच्या बाटलीचं लेबल, तारीख आणि कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या मायक्रोचिपचा १५ अंकी नंबर असू द्या. पॉलिसीवरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर जुळला नाही म्हणून अडकलेले क्लेम मी पाहिलेत.

काळ्याच्या मालकांना कंपनी बदलायची होती. सहसा मी नको म्हणते, कारण जुन्या कंपनीत चालू असलेला आजार नव्या कंपनीत आधीपासूनचा ठरतो. इथे कोपरं दोन्हीकडे वगळलेलीच होती आणि बाकी कागद कोरा होता, त्यामुळे गमावण्यासारखं थोडंच होतं. आम्ही नव्या कंपनीला तीन प्रश्न लेखी पाठवले: सांध्यांना वेगळा वेटिंग पीरियड आहे का आणि तो तपासणीनं कमी होतो का, कोपर वगळताना अख्खा पुढचा पाय वगळणार की फक्त कोपर, आणि खुब्याला कोपराशी जोडणार का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं लेखी आल्यावरच अर्ज भरला. सांध्यांचा फॉर्म या वेळी पहिल्याच आठवड्यात गेला, प्रत्येक सांध्यासमोर वेगळी नोंद करून. जुनी पॉलिसी नव्या पॉलिसीचे सगळे वेटिंग पीरियड संपेपर्यंत चालू ठेवायला सांगितली आहे.