बाबांची तिथी

भाद्रपद वद्य षष्ठी.

आज आईने पहाटे उठून खीर केली, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. भाजणीचे वडे मी तळले. माझा पितरांवर विश्वास नाही, हे तिला माहीत आहे. तरी मला वडे तळावेसे वाटले.

बाबाही नास्तिक. दाभोलकरांच्या भाषणांना जायचे, आणि आईच्या एकादशीला आठवणीने साबुदाणा आणायचे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्याची बातमी आली, तेव्हा दिवसभर जेवले नव्हते.

त्यांच्या शेवटच्या रात्री हॉस्पिटलच्या जिन्यात कुठल्यातरी देवाची तसबीर दिसली आणि माझे हात आपोआप जुळले. मग ते सोडवून मी आत गेले, त्यांचे पाय चेपत बसले. गार पडत चालले होते. नवस बोलायला कुणी नाही, हे तेव्हा पहिल्यांदा अंगाशी आलं. तोवर नास्तिकपण म्हणजे माझ्यासाठी वादात जिंकायची गोष्ट होती. त्या रात्री कळलं, जे काही करायचं ते याच दोन हातांनी. सकाळपर्यंत मी तिथून हलले नाही.

आगरकर 1895 मध्ये गेले, तेव्हा स्वतःच्या दहनाच्या खर्चाचे पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवलेले सापडले. ही गोष्ट बाबा फार वेळा सांगायचे. त्यांनी स्वतः नेत्रदानाचा आणि देहदानाचा फॉर्म भरून शर्टांच्या घडीखाली ठेवला होता. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. नेत्रपेढीला फोन मीच केला. माणसं येईपर्यंत पंखा बंद करून मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा असतो. तो सुकला की काढायचा, गार पाण्यात बुडवायचा, हलकेच पिळून परत ठेवायचा. माझ्यासाठी अंत्यविधी तोच. देह मेडिकल कॉलेजात गेला. "गती मिळणार नाही त्याला," असं एका नातेवाइकाने आईच्या तोंडावर सांगितलं. ते मी अजून विसरलेले नाही.

दुपारी आईला धरून गच्चीवर नेलं. तिने घास ठेवला. ऊन चढलं, तिचे पाय दुखायला लागले, तरी ती खाली यायला तयार नव्हती. मी छत्री धरून उभी राहिले. बऱ्याच वेळाने टाकीमागून एक कावळा उतरला.

"आले ना गं?" आईने विचारलं.

तिला कमी दिसतं. मी "हो" म्हणू शकले असते.

"कावळा आलाय, आई. वडा उचलला त्याने."

तिने माझा हात घट्ट धरला, आणि आम्ही दोघी जेवायला खाली आलो.