दुसरं बक्षीस

आठवीत वक्तृत्व स्पर्धेत मला दुसरं बक्षीस मिळालं, ते एका खोट्या गोष्टीवर. खोटी आहे हे मला ठाऊक नव्हतं. इंग्रजीच्या बाईंनाही नसावं.

बाईंकडे बेसी स्मिथ या अमेरिकेतल्या काळ्या गायिकेची कॅसेट होती. ब्लूज, म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांची सुखदुःखाची गाणी, गायची ती. धडा लवकर संपला की टेपरेकॉर्डर निघायचा. त्या खरखरीतून येणाऱ्या आवाजाला आम्ही मुली फिदीफिदी हसायचो. बाई म्हणायच्या, हसू नका, ही माइकशिवाय तंबूतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायची. टेनेसीतल्या चॅटानूगाची पोर, आईबाप लवकर गेलेले, भावाबरोबर रस्त्यावर गाऊन पैसे गोळा करायची. १९१२ साली गाण्या-नाचाच्या फिरत्या कंपनीत शिरली. १९२३ साली कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने तिची पहिली तबकडी काढली, ती लाखोंनी खपली. पुढे दौऱ्यांसाठी तिने स्वतःचा रेल्वेचा डबाच घेतला. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या कलावंतांना हॉटेलात खोली कोण देणार? आमच्या जत्रेत तमाशाचा फड ट्रकने यायचा, त्यामुळे डब्याचं मला भारीच अप्रूप.

ब्लूज म्हणजे तिकडची जात्यावरची ओवी, असं बाईंचं मत. पहिली ओळ दोनदा, मग तिसरीत तिचं उत्तर. मला ते अजून पटलेलं नाही. ओवी जात्यापाशी, स्वतःपुरती. बेसी तिकीट लावून, झगमगीत कपडे घालून नवऱ्याची लफडी आणि दारू चारचौघांत गायची.

माझं भाषण तिच्या मरणावर होतं. २६ सप्टेंबर १९३७, मिसिसिपी राज्यात मोटारीचा अपघात, गोऱ्यांच्या दवाखान्याने दारातून परत पाठवलं, रक्त वाहून गेली. सभागृह चिडीचूप. पुढे चरित्र वाचलं तेव्हा कळलं, तसं घडलंच नव्हतं. तिला थेट क्लार्क्सडेलच्या काळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. गोऱ्यांच्या दवाखान्याकडे गाडी वळवायचं त्या काळी कुणाच्या मनातही आलं नसतं. मला हे जास्त भयंकर वाटतं. नाही म्हणायचीसुद्धा कुणाला गरज पडली नाही.

तिच्या कबरीवर ३३ वर्षं साधा दगड नव्हता. १९७० साली तो बसला, फिलाडेल्फियाजवळ. पैसे घातले गायिका जॅनिस जॉप्लिनने आणि लहानपणी बेसीच्या घरची फरशी पुसणाऱ्या जुआनिटा ग्रीनने. या जुआनिटाचं गाणं एका स्पर्धेत ऐकून बेसीने विचारलं होतं, शाळेत जातेस ना? मग तिथेच राहा, तुला सूर लागत नाही.

हे बाईंना सांगायचं राहून गेलं. मला समूहगीतातून उठवून वक्तृत्वात त्यांनीच बसवलं होतं.