शिडी चालते कशी आणि अडते कुठे: शाळा-क्लबांच्या ईस्पोर्ट्स संघांसाठी

ईस्पोर्ट्स म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा. त्यात नॉकआउट भरवायला सोपी, पण संघांना महाग पडते. 16 संघ आले की पहिल्याच संध्याकाळी 8 घरी. जत किंवा विट्याहून गाडी करून सांगलीला आलेली पोरं एक मॅच हरून परत जातात. साखळी घ्यावी तर 16 संघांच्या 120 मॅचेस होतात, आणि तेवढे दिवस लॅब कोणी देत नाही. म्हणून शिडी. सगळे संघ एका यादीत. खालच्याने वरच्याला आव्हान द्यायचं, जिंकला की त्याची जागा घ्यायची. कुस्तीच्या मैदानात जोडी ठरवायला जाणती माणसं बसतात. इथे आव्हान जवळच्यालाच देता येतं, त्यामुळे जोड आपोआप तोलाची लागते.

जवळचा म्हणजे किती? 12 ते 16 संघांना 3 पायऱ्या पुरतात. एकच पायरी ठेवली तर वरचा संघ फोन उचलेना झाला की खालची अख्खी रांग खोळंबते.

आता जागा कशी बदलायची. सातव्याने चौथ्याला हरवलं, तर सातवा चौथा होतो आणि चौथा, पाचवा, सहावा एकेक पायरी खाली सरकतात. काही ठिकाणी सरळ अदलाबदल करतात. मग चौथा संघ एका वाईट रात्रीत सातवा होतो आणि पुढच्या आठवड्यात उगवतच नाही. सरकवणंच बरं. फक्त पाचवा आणि सहावा ‘आम्ही खेळलोच नाही तर खाली कसे?’ म्हणून भांडणार. हे उदाहरण कागदावर काढून कप्तानांना आधीच दाखवा. दोन मॅचेस एकाच वेळी चालू असतील तर जागा मॅच सुरू होतानाची धरायची, आव्हान दिल्या दिवसाची नाही.

शिडी बहुतेक वेळा मरते ती उत्तर न मिळालेल्या आव्हानामुळे. वरचा संघ जागा राखायला टाळाटाळ करतो: ‘आज क्लास आहे’, ‘उद्या बघू’. त्याला तारखा हाच इलाज. आव्हान ग्रुपवर सगळ्यांसमोर द्यायचं, खासगी मेसेज धरायचा नाही. 24 तासांत होकार, 5 दिवसांत मॅच. आव्हान घेणाऱ्याने मॅचसाठी तीन वेगवेगळ्या वेळा सुचवायच्या, त्यांतली एक तरी शनिवार-रविवारची. देणाऱ्याने त्यांतली एक निवडायची. उत्तर नाही आलं तर वरचा हरला. ठरल्या वेळेनंतर 15 मिनिटांत पाच खेळाडू लॉबीत (गेममधल्या प्रतीक्षा-खोलीत) नसतील तरी हरला. हरलेल्याने त्याच संघाला 7 दिवस पुन्हा आव्हान द्यायचं नाही. 14 दिवस एकही मॅच नाही, तर एक पायरी खाली. हा शेवटचा नियम पहिल्या क्रमांकाला सगळ्यात जास्त बोचतो, आणि बोचायलाच हवा.

परीक्षेत मात्र एकेकाला सूट देत बसू नका, सगळी शिडीच गोठवा. सांगलीत पावसाळ्यात शिडी कधी गोठवायची यासाठी आकडा हाताशी आहे: कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट ही पुराची इशारा पातळी. पाणी तिथे पोचलं की शिडी बंद, ओसरल्यावर राहिलेले दिवस मोजायचे.

खेळ निवडताना दोन बाजू समोरासमोर हव्यात. बीजीएमआय या मोबाइल गेमचा नेहमीचा बॅटल रॉयल (एकाच मैदानात अनेक संघ, शेवटी उरेल तो जिंकला) शिडीला चालत नाही, त्याला गुणतक्ता लागतो. त्यातली चार-चारची टीडीएम, म्हणजे दोन संघांची थेट लढत, चालते. शाळांना बुद्धिबळ किंवा ईफुटबॉल सोपं. व्हॅलोरंट हा पीसीवरचा पाच-पाच जणांचा नेमबाजीचा गेम क्लबांचा. त्याच्या कस्टम गेममध्ये (आपण स्वतः लावलेल्या खासगी मॅचमध्ये) सर्व्हर मुंबई, टूर्नामेंट मोड चालू, चीट्स बंद, ओव्हरटाइम दोन फेऱ्यांच्या फरकाने. एक नकाशा, म्हणजे एका मैदानावरचा पूर्ण डाव, पाऊण तास धरा. शाळेच्या दिवशी एकच नकाशा खेळवा, तीनपैकी दोन नकाशे जिंकायची मॅच रविवारी.

लॅबमध्ये हमखास होणारा घोळ असा. रीस्टार्ट झाला की पीसी मूळ स्थितीत आणणारं सॉफ्टवेअर बऱ्याच शाळांत असतं. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड हे फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर बसवल्यावर रीस्टार्ट मागतं, आणि त्या रीस्टार्टमध्येच बसवलेलं सगळं पुसलं जातं. सर दोन तास तेच करत बसतात. आधी ते संरक्षण काढा, गेम बसवा, रीस्टार्ट करा, एक सराव मॅच खेळा, मगच संरक्षण परत लावा. अपडेट आलं की पुन्हा हेच, तेही मॅचच्या आदल्या दिवशी. विंडोज 11 असेल तर टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट या पीसीच्या सुरक्षा सेटिंग्ज चालू आहेत का पाहा, व्हॅनगार्डला त्या लागतात. पाच पीसी वायफायवर ठेवू नका, केबल ओढा. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर पीसी चालतो आणि राउटर दुसऱ्याच बोर्डावर असल्याने बंद पडतो. राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की प्रश्न मिटतो.

निकाल जिंकलेल्याने 30 मिनिटांत टाकायचा: पूर्ण गुणफलकाचा स्क्रीनशॉट, त्यात दहाही नावं. संघाच्या यादीत 5 अधिक 2 बदली, प्रत्येकाचा रायट आयडी (व्हॅलोरंटमधलं खात्याचं नाव) टॅगसकट. हंगामात नाव बदललं तर आधी कळवायचं, नाहीतर बाहेरून आणलेला पोरगा ओळखायचा कसा?

20 च्या वर संघ झाले की जागांऐवजी एलो गुण घ्या, म्हणजे समोरचा किती तगडा यावर कमी-जास्त होणारे गुण. सुरुवातीला सगळे 1000 वर, के (एका मॅचमध्ये जास्तीत जास्त किती गुण हलतील तो आकडा) 32. 1200 चा संघ 1000 च्या संघाला हरवतो तेव्हा त्याला साधारण 8 गुण मिळतात. हरला तर 24 जातात.

प्रवेश फी आणि बक्षीस ठेवता येतं, पैज नाही. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ईस्पोर्ट्सला मान्यता दिली, पण पैज लावलेली मॅच त्यात बसत नाही. दोन कप्तानांनी 500-500 लावले तर निकाल रद्द करा.

शेवटच्या रात्री आव्हानांचा पाऊस पडतो. म्हणून नवी आव्हानं हंगाम संपायच्या 7 दिवस आधी बंद करा, आणि मग पहिले चार संघ एका रविवारी लॅबमध्ये समोरासमोर बसवा: पहिला विरुद्ध चौथा, दुसरा विरुद्ध तिसरा.