दुकानातले जुने संगणक: काढायला लागलेला दीड महिना

गोव्यात फोंड्याला असलेलं माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान गणेशचवथीआधी आवरायला काढलं, तेव्हा मागच्या खोलीतून चार सीपीयू, तीन पाठीमागे फुगीर असलेले जुने मॉनिटर, एक एलसीडी आणि दोन यूपीएस निघाले. आपल्याकडच्या दमट हवेनं कॅबिनेटच्या पत्र्यांवर गंज धरला होता. भंगारवाला सगळ्याचे मिळून बाराशे रुपये द्यायला तयार होता. मी विचारलं, "दादा, ह्या मॉनिटरचं काय करता?"

"फोडून तांबं काढतो, ताई."

"आणि काच?"

"काचेला कोण घेतो?"

तिथंच माझा हात थांबला. जुन्या मॉनिटरच्या काचेत, मागच्या निमुळत्या भागात, शिसं असतं आणि तेही थोडंथोडकं नाही, एकेका नगात किलोच्या हिशेबानं. आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीतल्या, ओहोळाकाठी अशी फुटकी काच मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्याच ओहोळाचं पाणी खाली माडा-पोफळींच्या कुळागरात जातं. वायरींचं तर सगळ्यांना माहीतच आहे, तांब्यासाठी त्या जाळतात आणि प्लास्टिकचा तो विषारी धूर वाड्यावरच बसतो. बाराशे रुपये मी नाकारले.

पण खरी धास्ती वाटली ती हार्ड डिस्कची. वीस वर्षांत माझ्या दुकानात कोणाचं काय टाइप झालं नाही? लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, बाराव्याची निमंत्रणं इथपर्यंत ठीक. पण आधार कार्डांच्या, पासबुकांच्या, घरदुरुस्तीच्या अर्जांच्या स्कॅन केलेल्या प्रती त्याच डिस्कवर पडून होत्या. लोकांनी विश्वासानं दिलेले कागद ते. "फॉरमॅट मारून टाक" असं चार जणांनी सांगितलं. संगणक दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या मुलानं माझ्यासमोर क्विक फॉरमॅट केलेल्या डिस्कवरून पंधरा मिनिटांत एका गिऱ्हाइकाचं पासबुक परत काढून दाखवलं. क्विक फॉरमॅटनं फक्त अनुक्रमणिका जाते, पानं तशीच राहतात. मी गप्पच झाले.

मग एकेक डिस्क बाहेर काढून, यूएसबीच्या अडॅप्टरला लावून, आधी ठेवण्यासारखं ते उतरवून घेतलं आणि मग पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिणारा प्रोग्रॅम चालवला. ऐंशी जीबीच्या जुन्या डिस्कला अख्खी दुपार लागली. चकतीच्या डिस्कला असं एकदा पूर्ण लिहिलेलं पुरतं. एसएसडीचं, म्हणजे चकतीऐवजी चिप असलेल्या नव्या डिस्कचं, तसं नाही, तिच्यासाठी बनवणाऱ्याची स्वतःची पुसण्याची सोय वापरावी लागते. एक डिस्क मात्र नुसती टकटक करायची, चालूच होईना. ती त्या मुलानं चांदणीच्या आकाराच्या स्क्रू-ड्रायव्हरनं उघडली. आतली चकती आरशासारखी लख्ख होती, इतकी की तीत मला माझा चेहरा दिसला. त्यानं डोळ्यांना चष्मा लावून चकतीला ड्रिलनं तीन भोकं पाडली.

उतरवून घेतलेल्यात श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटमधल्या शेकडो फायली आहेत. तो फाँट नसेल तर नुसती अगम्य चिन्हं दिसतात, म्हणून त्या कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये आणायचं काम अजून चालू आहे. रफार आणि जोडाक्षरं हातानं दुरुस्त करावी लागतात.

आता द्यायचं कुणाला? पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या गाडीनं साफ नाही म्हटलं. संगणक बनवणाऱ्या एका कंपनीच्या मोफत क्रमांकावर फोन केला तर त्यांनी मॉडेल विचारलं. माझे तीन सीपीयू असेंबल केलेले, त्यांना कंपनीच नाही! 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि जुन्या मालाची जबाबदारी ते उत्पादकावर टाकतात. ते योग्यच आहे. पण सुटे भाग जोडून उभ्या केलेल्या यंत्राचा उत्पादक कोण धरायचा? आपल्याकडच्या निम्म्या दुकानांत असलीच यंत्रं आहेत, आणि याचा विचार कुणीतरी करायला हवा असं मला मनापासून वाटतं.

शेवटी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतून नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांची नावं काढली. एकानं घरी येऊन न्यायला किमान शंभर किलो माल हवा म्हणून सांगितलं. माझा भरला सगळा एकसष्ट किलो. तेव्हा बाजूच्या सायबर कॅफेवाल्याला आणि एका हिशेबनीस काकांना विचारलं. दोघांच्याही माळ्यावर तेच पडलं होतं. तिघांचं मिळून शंभराच्या वर गेलं. यूपीएसच्या शिशाच्या बॅटऱ्या आधीच काढून ठेवल्या होत्या. त्यांचे नियम वेगळे आहेत आणि नवी घेताना विकणारा जुनी परत घेतो, पैसेही कापून देतो. एलसीडी आडवा न टाकता उभा बांधून दिला, कारण जुन्या एलसीडीच्या आतल्या बारीक ट्यूबमध्ये पारा असतो.

टेम्पो आला तेव्हा मी नोंदणीचा कागद पाहिला, यादीतल्या नावाशी ताडला आणि वजनासकट पावती घेतली. माझ्या वाट्याला चारशे रुपये आले. एक सीपीयू मात्र दिला नाही. त्यात एसएसडी आणि लिनक्स ही मोफत मिळणारी संगणक प्रणाली घालून तो वाड्यावरच्या वाचनालयात बसवला आहे आणि मुलं त्यावर इनस्क्रिप्ट या कळफलकानं मराठी टाइप करायला शिकतात.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू आल्या. मुख्यमंत्री पर्रीकरांच्या काळात गोवा सरकारच्या सायबरएज योजनेत अकरावी-बारावीच्या मुलांना संगणक मिळाले होते, त्यातला त्यांच्या मुलाचा अजून घरात आहे, वर क्रोशाचं कव्हरसुद्धा. "बाय, हाही घालशील का तुझ्या त्या टेम्पोत?" त्यांनी विचारलं. मी होय म्हटलं आणि आधी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन डिस्क काढायला बसले. आत त्यांच्या सासूबाईंचे फोटो निघाले.