पर्वती हरवली

नातीने शनिवारी टक्स पेंटमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पर्वती काढली. पायऱ्या मोजून १०३, कारण मी तिला तेवढ्याच सांगितल्या होत्या. रात्री धाकट्याने त्याच कॉम्प्युटरवर मांजर काढलं. रविवारी उघडलं तर समोर मांजर! रडारड.

मी डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, डेस्कटॉप सगळं पालथं घातलं. ‘पर्वती’ नावाने शोधलं. काही नाही. चाळीस वर्षं ऑफिसात फायली सांभाळलेला माणूस मी, पण मला चित्राची फाईल सापडेना. आता हे पोरीला कुठल्या तोंडाने सांगणार?

शेवटी तीच डोळे पुसत आली. “आबा, तू बाहेर कशाला शोधतोयस?” म्हणत तिने डावीकडे ‘उघडा’ दाबलं. छोट्या छोट्या चित्रांची रांग आली आणि मांजराशेजारी पर्वती, पायऱ्यांसकट.

हे सॉफ्टवेअर सेव्ह करताना नाव विचारतच नाही. लहान मुलांना टायपिंग कुठलं यायला! चित्र स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतं, नावाच्या जागी तारीख-वेळेचे चौदा आकडे. विंडोजवर ते अ‍ॅपडेटा नावाच्या फोल्डरच्या आत असतं आणि अ‍ॅपडेटा लपवलेलं. मी काय डोंबल शोधणार होतो!

मग तिने पर्वतीवर एक पतंग काढला. सेव्ह करताना प्रश्न आला: जुन्याच्या जागी ठेवू की नवीन? तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नवीन. दोन्ही राहू देत.