कोऱ्हाळे बुद्रुक जुळेना

सोमवारी सकाळी सरांनी दोन फाइली पाठवल्या. एकीत आमच्या पाणी-पाहणीचा तक्ता, दुसरीत गावांची लोकसंख्या. दोन्ही जोडून दरडोई पाणी काढायचं होतं. "संध्याकाळपर्यंत देते," असं मी तोंडाने म्हणून गेले. आर या आकडेवारीच्या संगणकभाषेत दोन तक्ते जोडणारी लेफ्ट जॉइन ही एका ओळीची आज्ञा आहे, त्यामुळे म्हणताना काही वाटलं नाही. त्या एका ओळीत माझे अकरा दिवस गेले.

मुळात माझा राग त्या दुसऱ्या यादीवर आहे. २०११च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड दिलेला आहे. कोड असता तर नावं जुळवत बसायची वेळच आली नसती. पण ज्या कचेरीतून यादी आली तिथे कुणीतरी कोडचा रकाना काढून टाकला होता. फोन केला. "मॅडम, नावं आहेत ना सगळी? मग कोड कशाला?" मी कारण सांगायला लागले, तर म्हणाले, अर्ज द्या. दिला. पोच घ्यायला मात्र विसरू नका, मी विसरले होते आणि दुसरी खेप पडली.

पहिल्या जोडणीत ओळी वाढल्या. कमी होतील अशी भीती होती, त्या वाढल्याच. कारण साधं होतं: मी नुसत्या गावाच्या नावावर जोडत होते. पुणे जिल्ह्यात इंदापूरला निमगाव, खेडला निमगाव, जुन्नरला निमगाव, शिरूरला निमगाव. कुठे पुढे केतकी लागतं, कुठे सावा, कुठे भोगी, पण आमच्या पाहणीवाल्या मुलांनी शेपूट गाळून नुसतंच निमगाव लिहिलेलं. तालुका आणि गाव मिळून किल्ली केली आणि ते मिटलं. (एका तक्त्यात वेल्हे आणि दुसऱ्यात राजगड, म्हणजे एकाच तालुक्याचं जुनं आणि नवं नाव, हे त्यानंतर कळलं.) जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी मोजा. हे मी आता टेबलावर चिकटवून ठेवलंय.

मग रिकाम्या जागा. नावाच्या शेवटी स्पेस असते हे माहीत होतं, म्हणून नावाच्या कडेच्या रिकाम्या जागा छाटणारं ट्रिमचं फंक्शन आधीच चालवलं होतं. तरी बरीच गावं अडली. आरचं ते फंक्शन मूळ स्थितीत साधी स्पेस, टॅब आणि ओळ तोडणारी चिन्हंच काढतं. वेबपानावरून किंवा वर्डमधून येणारी न तुटणारी स्पेस, जिचा आकडा १६० आहे, ती त्याला दिसतच नाही. कोणत्या जागा काढायच्या ते वेगळं सांगावं लागतं. ते केल्यावर निम्म्याहून जास्त गावं मार्गी लागली आणि मी खाली जाऊन अमृततुल्यात कटिंग पिऊन आले. तो चहा फार लवकर प्यायले.

कारण राहिलेली गावं हलेनात. अँटी जॉइनने, म्हणजे न जुळलेल्या ओळी दाखवणाऱ्या आज्ञेने, काढलेली यादी समोर होती. दोन्ही तक्त्यांतली नावं एकाखाली एक ठेवून बघितली. कोऱ्हाळे बु., कोऱ्हाळे बु. डोळे फुटेपर्यंत बघितलं तरी फरक नाही. दोन्ही सारखी आहेत का विचारलं की आर म्हणतो, नाही. आमच्या सरांचं मत, "स्पेलिंग चुकलं असेल, फझी मॅचिंग लाव."

लावलं. आणि इथे मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. आधी हौसेने मी सगळीकडे बुद्रुकचं बु. आणि खुर्दचं खु. करून ठेवलं होतं. फझी मॅचिंग म्हणजे एका नावाचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजायचं. कोऱ्हाळे बु. आणि कोऱ्हाळे खु. यांत फरक एका अक्षराचा. संगणकाने आमचं बुद्रुक त्यांच्या खुर्दला बांधून टाकलं आणि वर अंतर फक्त १ म्हणून शाबासकी मागितली. जारो-विंक्लर पद्धत तर सुरुवात सारखी असली की आणखी गुण देते, म्हणजे आपल्या गावांसाठी आगीत तेल. मला कळलं ते केवळ दोन्ही कोऱ्हाळ्यांची लोकसंख्या शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी दिसली म्हणून. नाहीतर अहवाल तसाच गेला असता. खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक म्हणजे थोरलं; दोन्हींची माणसं सारखी कशी असतील?

आठव्या दिवशी आमचा तक्ता टाइप करणाऱ्या काकूंना यादी दाखवली. त्या मोठ्याने वाचायला लागल्या. "नऱ्हे, चऱ्होली, कोऱ्हाळे, कऱ्हावागज, बऱ्हाणपूर... अगं, सगळ्यांत ऱ्ह आहे की!"

इतके दिवस मी बघत होते, वाचत नव्हते. काकू पुढे म्हणाल्या, "मी हा ऱ इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून J ची कळ दाबून काढते. त्या कचेरीवाल्यांनी कशावर टाइप केलंय?"

लगेच अक्षरं मोजली; संगणक काना, मात्रा, हलन्तही वेगळे मोजतो. एका कोऱ्हाळेत ८, दुसऱ्यात ९. प्रत्येक अक्षराचा आकडा दाखवणारं फंक्शन लावलं. काकूंच्या नावात २३५३, २३८१, म्हणजे ऱ आणि हलन्त. कचेरीच्या नावात २३५२, २३८१, ८२०५, म्हणजे साधा र, हलन्त आणि पाठोपाठ झिरो विड्थ जॉइनर. हा जॉइनर दिसत नाही, जागा खात नाही, फक्त र ला रफार होऊ देत नाही. पडद्यावर दोन्हींचं चित्र एकच. शिवाय ती यादी दोन हातांनी टाइप झालेली असावी, कारण त्यांचं खुर्द काकूंसारखं होतं आणि बुद्रुक जॉइनरवालं. म्हणून तर खरं बुद्रुक २ अंतरावर आणि चुकीचं खुर्द १ अंतरावर!

अक्षरांना हे आकडे देणाऱ्या युनिकोडचं प्रमाणीकरण, ते एनएफसी, याला उपाय असेल असं मला वाटलं होतं. नाही. र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असेल तर ते त्याचा ऱ करतं, पण जॉइनरच्या वाटेला जात नाही. सगळे जॉइनर उडवूनही टाकू नका, मी टाकले आणि कोर्हाळे असं रफारवालं तिसरंच गाव जन्माला आलं. आधी र, हलन्त, जॉइनर या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला, मग उरलेले जॉइनर काढा. मूळ रकाना तसाच ठेवा, सगळी साफसफाई शेजारच्या नव्या रकान्यात. बु. आणि खु. मी परत पूर्ण केले. फझी मॅचिंग आता फक्त संशयितांची यादी काढायला वापरते, जोडायला नाही.

बदलाची ती ओळ चालवली आणि अँटी जॉइनने शून्य ओळी दाखवल्या. मी तीन वेळा चालवून बघितली. काकूंना वडापाव आणला.

दीड महिन्याने त्या कचेरीतून कोडसकट यादी आली. प्रिंट काढून, शिक्का मारून, स्कॅन केलेली, आणि पान तिरकं. कोऱ्हाळे बुद्रुकच्या कोडावर बरोब्बर शिक्का बसलाय.